एका सुराबाहेर

एकादशीला आमच्या पूर्णा गावात भजन असते. बुवा चरण म्हणतात, टाळकरी ते उचलून धरतात. बाहेर गोदामांकडे निघालेल्या ट्रकांची रांग असते, पण आत सगळे एका सुरात. एकोपा म्हणजे एक सूर, अशीच माझी समजूत होती.

ती ढळली मुंबईत. बँकेने तिकडे बदली केली तेव्हा एका सहकाऱ्याच्या आग्रहाने ‘परंज्योती अकॅडमी कोरस’ ऐकायला गेलो. व्हिक्टर परंज्योती यांनी उभे केलेले हे वृंद. 1967 मध्ये ते गेल्यावर कूमी वाडिया या पारशी बाईंनी त्याची धुरा घेतली. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या संध्याकाळी सोळाव्या शतकातली एक लॅटिन प्रार्थना होती. साथीला पेटी नाही, तंबोरा नाही. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन. एकाने चाल उचलली, ती अर्ध्यावर असतानाच दुसऱ्याने तीच वेगळ्या स्वरावरून धरली, मग तिसऱ्याने. वाटले, आता गोंधळ होणार. झाला नाही. कोणी कोणाच्या मागे जात नव्हते आणि कोणी कोणाला सोडूनही जात नव्हते.

कोणी म्हणेल, चर्चचे गाणे, आपल्याला त्याचे काय? इंग्लंडातून आलेल्या फादर स्टीफन्सना आपली ओवी परकी वाटली नाही. 1616 मध्ये त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. आपल्या काळात वनराज भाटियांनी अशाच वृंदासाठी ‘रुद्रनाम’ रचले. पद्धत कुणा एका देवाची नसते.

मे 1984 मध्ये भिवंडीत दंगल पेटली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. एकोपा तेव्हाही होता, दोन्हीकडे होता. प्रत्येक मोहल्ला, प्रत्येक आळी आपापल्या एका सुरात पक्की होती. वेगळा आवाज काढायची सोय तेवढी कुठेच नव्हती.

शाळांच्या स्नेहसंमेलनांत आजही समूहगीत एकाच चालीत होते, तेही बऱ्याचदा ध्वनिमुद्रित साथीवर. माझे म्हणणे एवढेच, की वर्षातून एक तरी गाणे मुलांना दोन आवाजांत शिकवावे. शेजारचा वेगळे गात असताना आपला सूर सोडायचा नाही आणि त्याचे ऐकणेही सोडायचे नाही, हे सांगून कळत नाही, गाऊनच कळते.

येत्या एकादशीला मी टाळ धरणारच आहे. भजन मला प्रिय आहे. पण एक सूर लागला की सगळे साधले, असे आता वाटत नाही.