विजेची चूल आणि तिचे रुसवे

‘इंडक्शन’ या नांवानें जी सपाट चूल आतां पुष्कळ घरांत आली आहे, तिच्यांत जाळ नाहीं, निखारा नाहीं आणि तापून लाल होणारी तारही नाहीं. तरी दूध पाहतां पाहतां उतूं जातें. हें कसें घडतें, असा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींस पडतो. आणि ती बंद पडली म्हणजे ‘टाकून द्या, नवी आणा’ असा सल्ला तरुण मंडळी देतात. प्रश्न रास्त आहे. सल्ला मात्र बहुधा घाईचा असतो.

कांचेखालीं तांब्याच्या तारेचें एक चपटें वेटोळें असतें. घरांत येणारी वीज सेकंदास ५० वेळां आपला फेरा पुरा करते. चुलींतील यंत्रणा तिला प्रथम एकदिश करते आणि मग आय.जी.बी.टी. नांवाच्या दरवानाकडून सेकंदास वीस-तीस हजार वेळां उघडझाप करवून वेटोळ्यांत सोडते. त्यामुळें तितक्याच वेगानें पालटणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. अशा क्षेत्रांत धातु ठेवला कीं त्यांत विद्युत्प्रवाह उद्भवतो, या घटनेचा शोध मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं लावला. पाठ्यपुस्तकांत यास ‘प्रवर्तन’ म्हणतात. ‘वृत्’ धातूपासून झालेला हा शब्द येथें फार समर्पक बसला आहे. कारण पातेल्याच्या बुडांत हे प्रवाह नदींतील भोंवऱ्यांप्रमाणें वाटोळे फिरतात आणि धातूच्या विरोधामुळें बूड स्वतःच तापतें. पातेलें हीच येथें चूल! कांच तापते ती पातेल्याच्या उष्णतेनें. म्हणून तें उचलल्यावरही तिला लागलीच हात लावूं नये.

लोखंडांत हा प्रवाह अगदीं पातळ थरांत कोंडला जातो व त्यास मोठा विरोध होतो. तांबें, पितळ, ॲल्युमिनियम यांत विरोध फारच थोडा. म्हणून आजीचें कल्हईचें पातेलें कितीही मोलाचें असलें तरी या चुलीस तें दिसतच नाहीं. स्टेनलेसचीं भांडींही सारीं चालत नाहींत. बुडास लोहचुंबक घट्ट चिकटला तरच तें भांडें घ्यावें, आणि बूड सपाट असावें. ॲल्युमिनियमच्या कुकराखालीं लोखंडी तबकडी ठेवण्याची युक्ति कांहीं जण सांगतात. मला ती पसंत नाहीं; तबकडी भलतीच तापते आणि कांचेस व्यर्थ भाजते.

आतां दुखण्यांकडे वळूं. पडद्यावर ‘ई’ अक्षरापुढें जो आंकडा उमटतो, त्याचा अर्थ प्रत्येक कारखान्याचा निराळा असतो. सबब सोबतची पुस्तिका जपून ठेवावी. चूल थोडा वेळ चालून आपोआप थांबत असेल तर प्रथम खालच्या पंख्याची जाळी पाहावी. फोडणीची वाफ, पिठाची धूळ आणि आंतल्या उबेस आलेलीं झुरळें यांनीं ती बुजते, आणि आंतील भाग तापतात. प्लग काढून, चूल निवल्यावर, कोरड्या ब्रशानें जाळी झाडावी. स्वयंपाक उरकतांच भिंतीवरचें बटण दाबण्याची घाईही करूं नये. पंखा कांहीं वेळ फिरूं द्यावा. दोन हजार वॅटची चूल सुमारें ९ अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचें सॉकेट हवें. ६ अँपिअरच्या सॉकेटांत कसाबसा बसवलेला प्लग काळा पडतो, वितळतो, आणि दोष मात्र चुलीच्या माथीं येतो.

चूल अगदींच निपचित पडली तर फ्यूज जळलेला असण्याचा संभव आहे. येथें मोठा धोका आहे. फ्यूजच्या जागीं तांब्याची तार बांधून ‘काम झालें’ म्हणणारे कारागीर आढळतात. अशांस घरांत पाऊलही ठेवूं देऊं नये. फ्यूज बहुधा एकटा जळत नाहीं, आय.जी.बी.टी. आणि वीज एकदिश करणारा रेक्टिफायर हेही त्याच्याबरोबर जातात. वेटोळ्याशीं जोडलेल्या कपॅसिटरची धारणा घटली असल्यास नवी आय.जी.बी.टी.सुद्धां पुन्हां जळते. जाणता कारागीर हीं सर्व मापें घेतो आणि पहिल्यांदा वीज सोडतांना मध्यें १०० वॅटचा जुन्या तऱ्हेचा तारेचा दिवा जोडतो. दिवा लखलखून तसाच राहिला तर दोष अजून आंतच आहे असें समजावें. पेटी उघडण्याचें काम मात्र घरच्या हौशी मुलांनीं करूं नये. प्लग काढल्यावरही आंतील कपॅसिटरांत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज कांहीं काळ सांठलेली राहूं शकते.

बटणें दाबूनही चूल दाद देत नसेल तर पडद्याखालचे इवलेसे स्विच झिजलेले असतात. ते अल्प खर्चांत बदलतां येतात. एवढ्यासाठीं नवी चूल आणणें ही शुद्ध उधळपट्टी होय. उष्णता बेताबाताची राहत नसेल तर कांचेच्या मध्याखालीं टेकलेला उष्णतामापक मणी सुटला आहे काय, हें कारागिरास विचारावें.

घरांत कोणाच्या हृदयास पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनीं चालू चुलीपासून दोन फूट दूर राहावें, आणि अधिक खुलासा आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावा.

कांचेस केंसाएवढा तडा गेला तरी चूल त्याच क्षणीं बंद करावी. उतूं गेलेलें दूध त्या फटींतून थेट विजेच्या भागांवर उतरतें. त्याच मापाची कांच मिळाल्यास ती सिलिकोनच्या लेपानें बसवतां येते. लेप पुरता वाळेपर्यंत एक दिवस स्वयंपाक गॅसवरच करावा.