क्लिक केलं आणि ४०४!

पोर्टफोलिओची पानं मार्कडाउनच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलीत, लॅपटॉपवर सगळं मस्त चाललं, इंटर्नशिपसाठी लिंक पाठवलीत. समोरच्याने 'माझं काम'वर क्लिक केलं आणि ४०४! माझं हेच झालं होतं. चूक माझीच. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं, लिंकमध्ये स्मॉल. विंडोजला हे चालतं, लिनक्स सर्व्हरला नाही. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे पान एचटीएमएल होतं, पण लिंकच्या शेवटी '.एमडी' तसंच राहतं. म्हणून फाइलची नावं स्मॉल अक्षरांत आणि स्पेस न देता ठेवा. अपलोड झाल्यावर मोबाइलवरून एकेक लिंक उघडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. तुमचं लेखन भारी असेलही. पण पानच उघडलं नाही, तर ते कुणाला कळणार?