उसना डोंगर

आई किंवा वडील गेल्यानंतर प्रवासाला निघालेल्या मुलाची वा मुलीची कथा सांगणारी, हलक्या हाताने लिहिलेली छोटेखानी कादंबरी आपल्या समीक्षेसमोर आली, की तिचा निकाल आधीच लागलेला असतो. 'विषय गंभीर, परंतु हाताळणी हलकी' हे ते ठरीव निकालपत्र. शोक खरा असेल तर तो जड असलाच पाहिजे, आणि जडपणा हीच खोलीची खूण, असे गृहीतक त्यामागे आहे. ते चुकीचे तर आहेच. शिवाय ज्या दोषाबद्दल या कादंबरीला खरोखर जाब विचारायला हवा, तो दोष त्यामुळे झाकला जातो.

या गृहीतकाचा उगम शोधायला फार दूर जावे लागत नाही. 'श्यामची आई'ने (१९३५) मराठी वाचकाला मातृशोकाची एक रीत घालून दिली. त्यातील अश्रू साने गुरुजींचे स्वतःचे होते, म्हणून ते टिकले. पुढे मात्र अश्रू हा अनुभव न राहता निकष झाला. काम्यूच्या 'आउटसायडर'मधील (१९४२) म्योर्सो आईच्या अंत्यविधीसाठी बसने जातो आणि तेथे रडत नाही. पुढे खुनाच्या खटल्यात त्याचे हे न रडणेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे केले जाते. आपली समीक्षा ही कादंबरी आदराने शिकवते, आणि मराठी कादंबरी समोर आली की त्याच सरकारी वकिलाचा झगा अंगावर चढवते. फॉकनरच्या 'अ‍ॅज आय ले डाइंग'मध्ये (१९३०) आईचे शव गाडीत घालून निघालेल्या कुटुंबाची फरफट हास्यास्पदही आहे आणि भीषणही. आपल्याकडे 'कोसला'त (१९६३) धाकट्या बहिणीचा, मनूचा मृत्यू येतो तो एका थट्टेखोर निवेदकाच्या तोंडून; म्हणूनच तो इतका असह्य होतो. हलकेपणा हा शोकाचा अभाव नव्हे. अनेकदा तो शोक पेलण्याचा एकमेव प्रामाणिक मार्ग असतो.

मग दोष कोठे आहे? तो उसनवारीत आहे. आपल्या हलकेपणावर विश्वास न उरलेली कादंबरी वजन उसने आणायला डोंगराकडे जाते. भोर-वेल्ह्याचा मुलूख पुण्याला जवळ असल्याने या उसनवारीला विशेष सोयीचा. एका साच्याची रूपरेषा देतो: शहरातल्या सदनिकेत वडील वारतात, मुलगा पाठपिशवी घेऊन तोरणा चढतो, बुधला माचीवर पहाटेचे धुके विरते, कोणी धनगर म्हातारा दोन शहाणी वाक्ये बोलतो, मुलगा शांत होऊन परततो. या साच्यात म्हाताऱ्याला घर नाही, त्याचे कोणी मेलेले नाही. किल्ला साडेतीनशे वर्षांचे गांभीर्य फुकट पुरवतो, आणि नायकाचे दुःख त्या भांडवलावर मोठे दिसते. वेल्हे तालुक्याच्या नावाच्या जागीही आता राजगड आला आहे. कादंबरीत तर किल्ल्याने तालुका केव्हाच गिळला आहे.

वस्तुतः या मुलखाला पोरकेपणाची स्वतःची कथा आहे. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई वारल्या, तेव्हा संभाजी अवघा सव्वादोन वर्षांचा होता. त्याला दूध पाजले ते भोरजवळच्या कापूरहोळच्या धाराऊने. नऊ वर्षांचा असताना, १६६६ मध्ये, तो वडिलांबरोबर आग्र्याला गेला. परतीच्या वाटेवर त्याला मथुरेत मागे ठेवण्यात आले, आणि राजगडावर पोचल्यावर शिवाजी महाराजांनी मुलगा मेल्याची हूल उठवली, अशी परंपरा आहे. आई गमावलेला, दुसरीच्या दुधावर वाढलेला, आणि जिवंतपणी स्वतःच्या मरणाची बातमी झालेला हा मुलगा! 'छावा'ने (१९७९) त्याला वीराच्या भारदस्त, अलंकृत भाषेत उभे केले. नऊ वर्षांच्या पोराच्या नजरेने, खेळकर वाक्यांत हा प्रवास लिहायला कोणी धजावले, तर आपली समीक्षा त्याला 'हलके' म्हणेल, आणि कदाचित अवमानकारकही.

वर्तमानातही पाहावे. या भागात बाप वारला म्हणजे खरोखर कोणता प्रवास घडतो? दहावा-तेरावा उरकला, की मुंबई-पुण्यात पांगलेली भावंडे एस. टी.ने गावी येतात ती तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी. फेरफार, सातबारा, आणि मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींचे हक्कसोडपत्र. महाराष्ट्रातील १९९४ च्या आणि केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तरी अंगठा किंवा सही तिच्याकडूनच मागितली जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती देतेही. बाप एकदा घरात मरतो, दुसऱ्यांदा कागदावर. या दुसऱ्या मरणात मुलगीही माहेरातून वजा होते. हा प्रवास हास्यास्पद आहे, क्षुल्लक आहे, आणि त्यातच शोक आहे. हलक्या कादंबरीचे हे खरे क्षेत्र. तिने ते सोडून माचीवर का जावे?

निसर्गाला कादंबरीतून हद्दपार करा, असा याचा अर्थ नाही. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघर धरणाच्या पाण्याखाली गेलेले कांबरे येथील जुने शिवमंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडे पडते, आणि लोक दर्शनाला जातात. पावसाळ्यात ते पुन्हा बुडते. येथे भूप्रदेश कोणाच्या वतीने रडत नाही. त्याचे स्वतःचे काही बुडालेले आहे. अशा मंदिरासमोर उभ्या राहिलेल्या पात्राला आपले दुःख किती लहान आहे हे कळावे, आणि तरीही ते आपलेच आहे हेही कळावे. एवढे साधणारी कादंबरी शंभर पानांची असो, हसत लिहिलेली असो, ती गंभीर आहे.

समीक्षेने तराजू खाली ठेवावा. कादंबरी किती जड आहे हे विचारू नये. तिच्यातले वजन कोणाच्या खांद्यावरून उचलून आणले आहे, हे विचारावे.