खाजवणाऱ्या मुलाला मागे बसवू नका



थंडी सुरू झाली की वर्गात एखादं तरी मूल बोटांच्या बेचक्यात कराकरा खाजवताना दिसतं. आपण पटकन म्हणतो, "रोज आंघोळ करत जा रे!" माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलाला मीही असंच म्हणाले आणि मागे एकटं बसवलं. पुढचा आठवडाभर तो शाळेत आलाच नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. म्हणून हा लेख.

खरूज हा घाणेरडेपणाचा आजार नाही, जवळिकीचा आहे. डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या किड्याची मादी कातडीत बारीक बीळ करून अंडी घालते. कातडीला कातडी बराच वेळ लागली की किडा दुसऱ्याच्या अंगावर जातो. एका खोलीत, एका गोधडीत चार भावंडं झोपतात तिथं तो सहज पसरतो. रोज साबण लावणाऱ्यालाही खरूज होते. आपल्या भागाचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा ठिकाणी लेकराला "अस्वच्छ" म्हणणं कितपत बरोबर?

मग ओळखायचं कसं? खाज रात्री वाढते. बोटांची बेचकी, मनगट, काख, बेंबीभोवती, कंबर, जांघ आणि कुल्ले इथं बारीक पुरळ दिसतात. तान्ह्या बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर, डोक्यावरही येतात. सगळ्यात मोठी खूण म्हणजे घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. तोवर ती घरभर पोचलेली असते.

"खाजच तर आहे, जाईल" असं म्हणू नका. नखांनी कातडी फुटते, जंतू शिरतात, पू होतो. काही जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी चेहरा किंवा डोळे सुजलेले, लघवी कमी किंवा चहासारखी लाल-काळी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झोपमोडीमुळे मूल वर्गात पेंगतं ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घातलं, ते उगाच नाही.

उपचार अवघड नाही, पण अर्धवट केला तर वाया जातो. दुकानातून विचारून आणलेल्या 'खाजेच्या ट्यूब'मध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज दबते, किडा तसाच राहतो. डॉक्टर सहसा परमेथ्रिनचं मलम देतात. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीही लावायचं, सकाळी धुवायचं आणि साधारण आठवड्यानं पुन्हा लावायचं. बाळ आणि गरोदर बाईसाठी डॉक्टरांना आधी विचारा. मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी. एकटा सुटला की खरूज परत फिरते. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. पाणी नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, घाबरू नका.

आता आपलं काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीत त्वचेचे आजारही असतात. त्या दिवशी खाजवणारं मूल पुढे करा. पथकाची वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर आईला बाजूला घेऊन सांगा, सगळ्या वर्गासमोर नको. "तुमचं मूल" असं न म्हणता "घरातल्या सगळ्यांनी औषध घ्या" एवढंच म्हणा. उपचार सुरू झाला की दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात घ्या.

आणि बसवायचं कुठं? जिथं रोज बसतं, तिथंच.