मोठी की मधली?

बदलापूर या नावाची व्युत्पत्ती इथला शाळकरी मुलगाही सांगतो. शिवकाळात सुरतेच्या वाटेवर मराठी फौज इथे घोडी बदलत असे, म्हणून हे बदलापूर. भाषेच्या मास्तराला असल्या व्युत्पत्त्यांकडे संशयानेच पाहावे लागते. पण गावाला ती शोभते खरी. घोडी गेली, टांगेही गेले, तरी ‘बदलून कुठली घ्यायची?’ हा प्रश्न या भागातून गेलेला नाही. आता तो फटफटीबद्दल असतो, एवढेच.

यंदा तो आमच्या भाच्यापुढे उभा राहिला. भाचा अंबरनाथला असतो. तो आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात आणि शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की दोघेही दूर कुठेतरी निघतात. जुनी दीडशे सीसीची गाडी विकायची, हे ठरले होते. नवी हजार सीसीची घ्यावी की चारशे ते साडेसहाशेमधली, यावर घोडे अडले होते. वाद नवरा-बायकोत होता तोवर गोड होता. तो ताईच्या कानावर गेला आणि रात्री मला फोन आला, “अरे, तुझं तो ऐकतो. असली राक्षसी गाडी नको म्हणावं.”

मुळात ‘मोठी’ म्हणजे किती मोठी? होंडाची गोल्ड विंग 1833 सीसीची आहे. ज्या अमेरिकेत ती मिरवते, तिथे साडेसहाशेची गाडी म्हणजे नवशिक्याची. आपल्याकडे मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून सरकारनेच 350 सीसीवर रेघ ओढली आहे. त्याखाली जीएसटी 18 टक्के, वर 40 टक्के. म्हणजे चारशेची गाडीही सरकारदरबारी श्रीमंतांचीच!

वेगही हवा आणि दूरचा प्रवासही हवा, अशा गाड्यांचे एक निराळे घराणे आहे. बीएमडब्ल्यूने 1976 साली 980 सीसीची ‘आर 100 आरएस’ काढली. तिला वारा अडवणारे पुरे कवच होते. ज्या जर्मनीत ती जन्मली, तिथे ऑटोबानच्या कित्येक टप्प्यांवर वेगाला मर्यादाच नाही. गाडी रस्त्याच्या पोटी जन्म घेते, असे मला वाटते. मग आपला रस्ता कोणता? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे; घाटात जुना रस्ता त्याला मिळतो तेवढा तुकडा काय तो अपवाद. 2024 मध्ये उघडलेल्या अटल सेतूवरही तिला मज्जाव. तेव्हा अंबरनाथची हजार सीसी जाणार ती वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली अशी, नाहीतर मुरबाड, टोकावडे करीत माळशेजला. पुढे एसटी, मागे टेम्पो आणि वळणावर बसलेली म्हैस!

शिवाय मुरबाडच्या रस्त्याला शहाडवरून लागायचे, तर आधी उल्हासनगर पार करायला हवे. 1949 साली निर्वासितांच्या कॅम्पाला हे आनंदी नाव मिळाले, पण तिथल्या रस्त्यांनी गाडीवाल्याला उल्हसित केल्याचे ऐकिवात नाही. फर्निचरच्या हातगाड्या, जीन्सचे गठ्ठे लादलेले टेम्पो, मधूनच दुकानात डोकावणारी रिक्षा. अशा गर्दीत चार सिलिंडरांचे इंजिन तापले, पंखा फिरू लागला की गरम वारा थेट नडग्यांवर येतो. मे महिन्यात तो अनुभव ज्याने त्याने घ्यावा.

भाचा इंजिनिअर. त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायचे ठरवले. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. सपाट रस्त्यावर ताशी 90 किलोमीटर राखायला दहाएक अश्वशक्ती पुरते. चाकणला बनणाऱ्या ट्रायम्फ स्पीड 400 कडे चाळीस आहेत. कावासाकीच्या निन्जा 1000 एसएक्सकडे 142 होत्या. उरलेल्या शंभर घोड्यांना मुरबाडच्या रस्त्यावर चारा कोण घालणार?

“मामा, पण लांबवर गेल्यावर हात बधिर होतात त्याचं काय?” भाच्याने विचारले. हा मुद्दा खरा होता. एकच सिलिंडर असलेली चारशेची गाडी शंभराच्या वर तासन्‌तास पळवली की तिची थरथर मनगटात उतरते. दोघे बसलेले, मागे दोन पेट्या, चढावर ट्रक ओलांडायचा, तेव्हा मोठे इंजिन न कण्हता जे काम करते ते लहान्याला गिअर उतरवून, ओरडून करावे लागते. मोठ्या गाडीला नुसती चैन म्हणणाऱ्याने ती चालवलेली नसते.

पण मला भीती होती ती निराळ्या गोष्टीची. जपानात 1975 पासून चारशेवरच्या गाडीला वेगळा परवाना लागतो. युरोपात मधल्या परवान्यावर 35 किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते. (आपल्या रॉयल एनफिल्डच्या साडेसहाशेची 47 अश्वशक्ती नेमकी याच रेषेवर बसते.) आपल्याकडे गिअरच्या गाडीचा परवाना एकदा हातात आला की दीडशेवरून उतरून दुसऱ्या दिवशी हजारावर बसायला कायद्याची हरकत नाही. उजव्या मुठीच्या किंचित हिसक्याला दीडशेची गाडी चालवणाऱ्याचा हात सरावलेला असतो; हजाराची गाडी त्याच हिसक्याने, विशेषतः ओल्या घाटात, काय करील हे त्या हाताला ठाऊक नसते. हे मात्र मी भाच्याला मामाच्या अधिकाराने सांगितले.

तो गप्प बसला. बोलली ती सूनबाई. “मामा, मी काय फक्त मागेच बसायचं का?”

वादाचे मूळ तिथे होते आणि ते आम्हा कुणाला दिसले नव्हते. तिच्याकडेही परवाना आहे, अर्धी वाट तिला चालवायची आहे. उंचीने ती बेताची. माळशेजला धुक्यात, खडीच्या उतारावर, पुढचे चाक खाली तोंड करून गाडी उभी राहिली, तर ती मागे ओढायला 238 किलोंची निन्जा काय, भल्याभल्यांनाही जड जाईल. अशा गाडीवर मग ती कायमची मागची पाहुणी. ट्रायम्फ तिच्याहून बरीच हलकी, बैठकही बुटकी. दोन्ही पाय जमिनीला लागतात. भीमथडीची तट्टे काही अरबी घोड्यांएवढी उंच नव्हती, पण आपल्या घाटांत ती उपयोगी पडली ती उगाच नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दुकानात गेलो. विक्रेता भाच्याकडे पाहून बोलत होता. सूनबाईने गाडी स्टँडवरून काढली, उतारावरून स्वतः मागे घेतली, पुन्हा लावली आणि विचारले, “पेट्या लावल्यावर वजन किती वाढेल?” साडेसहाशेवर भाचा अजून दोनदा बसून आला, पण नोंदणी झाली ती चारशेची. थरथरीवर उपाय म्हणून दर तासाला चहा घ्यायचा आणि चालक बदलायचा, असे ठरले.

भाऊबीज झाली की दोघे जुन्नरला निघणार आहेत. टोकावड्यापर्यंत तो, घाटात ती. ताईला फोन करून सगळे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “घाटात तो नाही का चालवत?”