ओरिजिनल आहे का हो?

मोबाइल बिघडला की आपण नवा घेतो, मॅटर क्लोज. विमानाचं तसं नसतं, बॉस! आपलं ॲव्हरोच घ्या. कानपूरला बनलेलं पहिलं उडालं १९६१ मध्ये, अन् त्याच्या जागी येणाऱ्या ५६ सी-२९५ चा करार झाला २०२१ मध्ये. इतकी वर्षं कोण कंपनी तीच चिप बनवत बसेल?

मग जुगाड. आमच्या कामरगावातले टीव्हीवाले काका मेलेल्या सेटचे पार्ट काढून दुसऱ्यात घालतात. हवाई दलंही निवृत्त विमानांचे काढतात. खरी भानगड तेही संपल्यावर.

२०१२ च्या अमेरिकी सिनेटच्या अहवालात सी-१३०जे आणि सी-२७जे या मालवाहू विमानांच्या डिस्प्लेमध्ये बनावट मेमरी चिप असल्याचं आलं. माल शेन्झेनचा. अशा धंद्यात भंगारातल्या बोर्डावरून चिप उपटतात, धुतात, जुनं नाव घासून नवं छापतात. टेस्टिंगला चालतेही! पण हवेत दगा दिला तर पायलटसमोरचा स्क्रीन कोरा. सी-२७जे अमेरिकी हवाई दलाने पुढे काढून टाकलं, तेही खर्चापायी. सी-१३०जे मात्र २०११ पासून आपणही उडवतोय.

म्हणून मला चकचकीत ‘न्यू स्टॉक’पेक्षा निवृत्त विमानातला धुळकट बोर्ड बरा वाटतो. निदान तो कुठून आला, ते तरी माहीत असतं.