नाव सारखे, माणूस दुसरा

वॉरंट एकाचे आणि धरून नेले दुसऱ्याला, असे घडते. एका वस्तीत एकाच नावाचे दोघे-तिघे असतात. अशा वेळी हातापाया पडत बसू नये. मागितल्यास वॉरंट दाखवणे पोलिसांना बंधनकारक आहे. त्यावरील वडिलांचे नाव, वय, पत्ता आपल्या रेशनकार्डाशी, शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावा.

घटनेच्या कलम २२ प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावेच लागते. तेथे 'वॉरंटातील माणूस मी नाही' असे स्पष्ट सांगून कागदांच्या झेरॉक्स द्याव्यात व नोंद घ्यायला लावावी. बहुतेक जण तेथेच गप्प राहतात! कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न पाहत नाहीत. घरच्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे धाव घ्यावी.

भरपाईचे काय? विनाकारण अटक करवणाऱ्याकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ खाली फार तर १,००० रुपये मिळतात. आमच्या मते ही थट्टाच. दोन-तीन दिवसांचा रोजही त्यात भरून निघत नाही. म्हणून कलम २२६ खाली हायकोर्टात रिट करावे. भीमसिंग खटल्यात १९८५ साली सुप्रीम कोर्टाने बेकायदा अटकेबद्दल ५०,००० रुपये देवविले. ते आमदार होते हे खरे, पण तो निवाडा आपल्याही वकिलाला दाखवता येतो. मात्र त्यासाठी कधी नेले, कधी सोडले, हे तारीख-वेळेसह घरच्या वहीत लिहिलेले हवे.